माझ्यासमोर शहाण्यासारखं चालणारं मशीन

"ड्रायर फिरतो हो, पण कपडे ओलेच निघतात." हे वाक्य मी वसई-विरारमध्ये वॉशिंग मशीन दुरुस्त करताना वीस-बावीस वर्षं ऐकलं. फ्लॅटात ऐकलं, वाडीतल्या कौलारू घरात ऐकलं, एकदा तर एका साखरपुड्यात जेवणाच्या पानावर ऐकलं. वाढणाऱ्या बाईंनी मला ओळखलं आणि हातात जिलबी धरून त्या ड्रायरचा आवाज तोंडाने काढून दाखवायला लागल्या. मी म्हटलं, बाई, आधी जिलबी वाढा.

ज्यांनी ते जुनं दोन टपांचं मशीन पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी सांगतो. डाव्या टपात कपडे धुवायचे, मग हाताने उचलून उजव्या टपात घालायचे. उजव्या टपात भोकाभोकांचं एक गोल भांडं असतं. ते गरागरा फिरतं आणि कपड्यांतलं पाणी भोकांतून बाहेर फेकतं. ते पाणी तळाला जमतं आणि पाइपातून मोरीत जातं. या उजव्या टपाला सगळे ड्रायर म्हणत. खरं म्हणजे तो वाळवत नाही, नुसता पिळतो. पण बायकांच्या मनगटाचं काम तो करायचा, म्हणून त्याच्या नावावर कोणी हरकत घेतली नाही.

तो नीट फिरला नाही तर कारणं मोजकीच. ब्रेकची तार बिघडते आणि भांड्याला धरून ठेवते. कपॅसिटर कमजोर होतो, म्हणजे मोटर नुसती कण्हते. खालचं सील झिजतं. कपडे एकाच बाजूला कोंबले तर भांडं लंगडतं. संध्याकाळी विरारला व्होल्टेज इतकं उतरायचं की ट्यूबलाइटसुद्धा विचार करून लागायची, तिथे ड्रायरची काय कथा. आणि पुष्कळदा भांडं नि टप यांच्या फटीत काहीतरी जाऊन बसलेलं असायचं. मोजा, हातरुमाल, एकदा तर देवघरातल्या बाळकृष्णाचं झबलं. त्या घरात झबल्यावरून पंधरा दिवस सासू-सुनेचा अबोला होता. मी ते चिमट्याने काढून दोघींच्या मध्ये ठेवलं आणि निघालो.

गिऱ्हाइकंही एकेक नग. सातिवलीहून एकाचा फोन आला, ड्रायर जाम आहे म्हणून. मी विचारलं, मशीन घरगुती आहे ना? "हो हो, घरचंच." गेलो तर पत्र्याची शेड, आणि हा गृहस्थ पॉलिश केलेल्या कड्या-कोयंडे ड्रायरमध्ये घालून सुकवतोय! मी म्हटलं, हे घरगुती? म्हणाला, "घरचंच आहे की. बायकोचं. घरून आणलंय." मी विचारलं, मग बायको कपडे कशात धुते? "हाताने," असं तो शांतपणे म्हणाला. मी त्याला गंभीर चेहऱ्याने सांगितलं की या कड्यांमुळे मशीनमध्ये करंट उतरायचा धोका आहे, हे आता इथेच वापरा, घरी नवीन घ्या. त्याने घेतलं म्हणे. ती थाप मारल्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

गिरीजच्या एका वाडीत मशीन ठणठणीत होतं, फक्त पाणी हिरवं यायचं. तिथल्या रोझीबाय मेथी आणि पालक धुऊन बाजारात न्यायच्या आधी ड्रायरमध्ये फिरवत होत्या. मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "लोक वजनाला भाजी भिजवतात, मी कोरडी करून देते. सांगा, पाप कोणाचं मोठं?" मी पाइपातली पानं काढली आणि केळ्यांची एक फणी घेऊन परत आलो.

असे किस्से सांगायला मजा येते, कारण त्यात मी हुशार दिसतो. पुढचा आहे तो मी फारसा कोणाला सांगितलेला नाही.

माझी एक शिस्त होती. वेळ दिल्याशिवाय मी कोणाच्या दारात गेलो नाही. आदल्या दिवशी फोन करायचा, अमुक वाजता येतो म्हणून सांगायचं आणि त्या ठोक्याला बेल वाजवायची. इतर मेकॅनिक "सकाळी येतो" म्हणून परवा उगवायचे. माझ्यावरून लोक घड्याळ लावून घेत. या गोष्टीचा मला फार ताठा होता.

बोळिंजच्या राण्यांचा पहिला फोन आला तेव्हा मला या कामात पाच-सहा वर्षं झाली होती, म्हणजे आपल्याला सगळं येतं असं वाटण्याची वेळ. नव्वदचं दशक संपत आलं होतं. तिसऱ्या मजल्यावर एक बेडरूम, हॉल, किचन. राणे मुंबईत एका कचेरीत, त्यांची बायको शुभांगी दुसऱ्या कचेरीत. मी त्यांना वहिनी म्हणायचो. घरातलं तिसरं माणूस म्हणजे राण्यांच्या आई, कणकवलीकडच्या. माझं गाव तिकडचंच, म्हणून त्या मला पहिल्याच दिवसापासून अरेतुरे करायच्या आणि मी त्यांना काकी म्हणायचो.

काकी महिन्याभरापूर्वी पडल्या होत्या आणि खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळल्या होत्या. उठवत नव्हतं, त्यामुळे सगळं अंथरुणातच. दिवसा शेजारच्या एक बाई येऊन चादर बदलून जात, पण धुणं वहिनींचं. संध्याकाळी कामावरून आल्यावर चार-पाच चादरी धुवायच्या, पिळायच्या, हॉलभर दोऱ्या बांधून त्यावर टाकायच्या. गॅलरीसमोर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत, उन्हाचा पत्ता नाही. ड्रायरने नीट पिळलं तर चादर सकाळपर्यंत वाळायची. नाही पिळलं तर दुसऱ्या दिवशीही ओली. आणखी सहा चादरी आणल्या होत्या, पण त्या टाकायला दोरी उरली नव्हती.

डॉक्टरांनी बजावलं होतं की ओलसर चादरीवर झोपवलंत तर पाठीला जखमा होतील आणि या वयात त्या भरत नाहीत. घरी कोणी दिवसभर थांबलं, हाताने पिळलं, पंख्याखाली चादरी उलटसुलट केल्या, तर निभलं असतं. आणि थांबायचं म्हणजे कोणी थांबायचं, हे आपल्याकडे विचारावं लागत नाही. ड्रायर पिळतो की नाही, यावर त्या घरात दोन गोष्टी टांगलेल्या होत्या. काकींची पाठ आणि वहिनींची नोकरी.

पहिल्या खेपेला मी रविवारी दहाच्या ठोक्याला पोचलो. बाथरूम इतकं लख्ख की मला चपला दाराबाहेर काढून वर पाय धुवावेसे वाटले. बसायला पाट मांडलेला, शेजारी कोरडं फडकं. वहिनींनी एक भिजवलेली चादर दिली. मी ड्रायरमध्ये घातली, बटण फिरवलं. भांडं असं काही फिरलं की नवीन मशीनने लाजावं. चादर निघाली ती निम्मी कोरडी.

"बघा," मी म्हटलं.

वहिनी चादर चाचपून बघत राहिल्या. "काल अशी निघत नव्हती हो. काल पाणी गळत होतं."

"काल व्होल्टेज कमी असेल."

मंगळवारी पुन्हा फोन. दुसऱ्या रविवारी पुन्हा दहाचा ठोका, पुन्हा लख्ख बाथरूम, पुन्हा पाट. मशीन पुन्हा शहाण्यासारखं चाललं. तरी मी कपॅसिटर बदलला, ब्रेकची तार ओढून घेतली, सील तपासलं. दोष काही सापडला नाही, पण मेकॅनिकने काही न करता उठणं बरं दिसत नाही.

तिसऱ्यांदा फोन आला तो राण्यांचा. राणे माणूस मवाळ. म्हणाले, "परब, एकदा काय ते शेवटचं सांगा. आमच्या घरात रोज यावरून वाजतंय."

त्या खेपेला मी थोडा घुश्शातच गेलो. पुन्हा तेच. चादर घातली, निम्मी कोरडी निघाली. दुसरी घातली, तीही तशीच. बाथरूमच्या दारात राणे उभे, त्यांच्यामागे वहिनी, आणि पलीकडे उघड्या दारातून काकींची खाट दिसत होती. तेव्हा मी जे बोललो ते मला शब्द न् शब्द आठवतं, कारण बोलताना मला ते फार आवडलं होतं.

"वहिनी," मी म्हटलं, "हे मशीन माझ्या हाताने चालतं, तुमच्या हाताने चालत नाही. मी मशीन दुरुस्त करतो. हात दुरुस्त करत नाही."

राणे कसनुसं हसले. काकी आत खोकल्या. वहिनींच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरलं. त्यांनी चहा केला, कप माझ्यासमोर ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. मी राण्यांना समजावून सांगितलं. चादर जड असते, ती अशी गोल बसवावी लागते, घाईत एका बाजूला कोंबली की भांडं लंगडतं, कामावरून दमून आलेलं माणूस कोंबणारच. राण्यांनी कागद आणून सगळं टिपून घेतलं. मी चहा पिऊन वर मान करून निघालो.

त्यानंतर फोन आला नाही. मी समजलो, आता चादरी नीट बसताहेत.

तीनेक आठवड्यांनी एका रविवारी त्याच बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर मला काम होतं. ठोक्याला गेलो, तर दाराला कुलूप. माझी वेळ मी पाळतो, पण लोकांनी पाळावी असा कायदा नाही. बडबडत खाली उतरत होतो तेव्हा आठवलं की माझा एक टेस्टर बरेच दिवस सापडत नाहीये. राण्यांकडे राहिला असेल. दार उघडंच होतं. मी हाक मारली आणि आत गेलो. फोन न करता कोणाच्या घरात शिरण्याची माझी ती पहिलीच वेळ.

हॉलमध्ये चादरींचं रान माजलेलं. त्यांतून वाकून जावं लागत होतं आणि मानेवर पाणी ठिबकत होतं. राणे टेबलाशी दाढी करत होते. बाथरूममधून ड्रायरचा आवाज येत होता, घुंऽऽ घुंऽऽ असा, दम लागलेल्या माणसाचा. मी दारात जाऊन बघितलं. मशीनच्या झाकणावर राण्यांनी माझ्या सूचना सुवाच्य अक्षरात लिहून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून चिकटवल्या होत्या. 'चादर गोल बसवावी. घाई करू नये.' आणि मशीनच्या शेजारी, मी कधीच न पाहिलेलं, गुडघ्याच्या वर येईल एवढं एक निळं पिंप. मशीनचा पाइप उचलून त्याच्या काठावर आणलेला आणि कपड्यांच्या चिमट्याने तिथे पक्का अडकवलेला.

मला बघून वहिनी इतक्या दचकल्या की काय सांगू. केस बांधलेले नाहीत, हात कोपरापर्यंत साबणाचे. "अगं बाई! तुम्ही? फोन तरी करायचात! थांबा, थांबा, आवरते." आणि दुसरं काही सुचायच्या आत त्यांनी चिमटा काढला, पाइप पिंपावरून उचलला आणि खाली मोरीत टाकला.

पाइपातून भसकन पाणी आलं. चांगली अर्धी बादली असेल. आणि मशीनचा आवाज बदलला. घुं घुं करणारं ते भांडं हळूहळू वेग घ्यायला लागलं आणि बघता बघता सणसणून फिरायला लागलं.

वहिनी पिंप ढकलत होत्या. मी ओरडलो, "थांबा! पाइप परत वर ठेवा."

"काय?"

"होता तिथे ठेवा. पिंपावर."

त्यांनी ठेवला. मी धुण्याच्या टपातलं दोन मग पाणी ड्रायरमध्ये ओतलं. आवाज खाली आला. घुंऽऽ.

"आता खाली टाका."

पाणी भसकन, आणि मशीन सुसाट.

आम्ही हा खेळ चार वेळा केला. दाढीचा साबण तोंडाला तसाच घेऊन राणे दारात येऊन उभे राहिले.

गोष्ट अगदी पोरकट आहे. या मशीनला पाणी वर ढकलायचा पंप नसतो. पाणी आपलं आपण उताराने जातं. पाइपाचं तोंड टपाच्या तळापेक्षा वर ठेवलं की पाणी बाहेर जाणार कसं? ते ड्रायरच्या तळात साचून राहतं आणि फिरणारं भांडं त्या पाण्यात रुतून बसतं. धुण्याच्या टपात उरलेलं पाणी डोळ्यांना दिसायचं, ते वहिनी मगाने काढून घ्यायच्या. ड्रायरमध्ये ते भांड्याच्या खाली असतं. वरून दिसत नाही.

बोळिंजला तेव्हा पाणी दिवसाआड, मधे टँकर, तोही आला तर. काकी पडल्या त्याच महिन्यात टँकरने दगा द्यायला सुरुवात केली होती. चादरींचं धुणं वाढलं आणि पाणी आटलं, दोन्ही एकदमच. म्हणून वहिनींनी ते पिंप आणलं. कपड्यांचं पाणी साठवायचं, संडासाला वापरायचं, त्यानेच फरशी पुसायची. त्या बिल्डिंगमध्ये जवळजवळ प्रत्येक घरात असं पिंप होतं. मी मात्र एकही पाहिलं नव्हतं. कारण मी फोन करून, वेळ देऊन जायचो! परब येणार म्हणून बाथरूम घासलं जायचं, ते मळक्या पाण्याचं पिंप गॅलरीत जायचं, पाइप मोरीत जायचा आणि पाट मांडला जायचा. परक्या माणसाने घरातलं संडासाचं पाणी बघू नये एवढीच त्यातली भावना. मी यायच्या आधी अर्धा तास त्या बाई मशीन दुरुस्त करून ठेवायच्या आणि मी गेल्यावर परत बिघडवायच्या.

तरी माझा ताठा बघा. मी म्हटलं, "वहिनी, हे पिंपाचं मला आधी सांगायचं नाही का?"

"तुम्ही काय विचारलंत मला?" त्या म्हणाल्या. "तीन वेळा आलात. एकदा तरी विचारलंत, की तुम्ही धुता कशा? तुम्ही स्वतः पिळून दाखवलंत आणि गेलात."

तोंडात मारल्यासारखं झालं. बरोबरच होतं ते. पुढे मी कुठल्याही घरात शिरलो की पेटी उघडण्याआधी विचारायचो, मी यायच्या आधी काय काय आवरलंत? लोक आधी चपापायचे, मग हळूच दाखवायचे. मशीनखाली सरकवलेल्या विटा, प्लगच्या जागी खुपसलेल्या उघड्या वायरी, पाइपाला जोडलेली बागेची नळी. निम्मे दोष मला त्या आवराआवरीत सापडले. पण हे पुढचं.

तेव्हा मी कपाळावरचा घाम पुसला आणि म्हटलं, "वहिनी, चूक माझी. तुमच्या हाताला काही झालेलं नाही. पिळताना फक्त पाइप खाली सोडा, एखाद्या घमेल्यात. ते भरलं की पिंपात ओता. मी मशीनखाली उंच लाकडी घोडा करून देतो, मशीन पिंपाच्या वर आलं की तेवढंही करावं लागणार नाही."

"हे मला सांगून काय उपयोग?" वहिनी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "उद्या मी राजीनामा देणार आहे. लिहून ठेवलाय, पर्समध्ये आहे. इतकं साधं मशीन हिला जमत नाही, ही आईंना काय सांभाळणार, असं झालंय या घरात. तुमचं ते हाताचं वाक्य ह्यांनी ऐकलं, आईंनी ऐकलं. आता हेही त्यांच्यासमोर बोला."

राणे म्हणाले, "अगं, मी ऐकलं की. मी कधी म्हटलं तुला—"

"तुम्ही म्हटलं नाहीत. चिकटवलंत."

राण्यांनी झाकणावरचा कागद बघितला आणि मग खाली फरशीकडे.

मी आत गेलो. काकींच्या खाटेशी उभा राहिलो. आयुष्यात एवढं अवघड मला काही वाटलं नव्हतं. मोटर उघडणं त्यापेक्षा सोपं. मी म्हटलं, "काकी, मी त्या दिवशी चुकीचं बोललो. वहिनींचा काही दोष नाही. पाणी आत तुंबत होतं आणि ते मला कळलं नाही. आता मशीन नीट पिळेल. चादरी रोजच्या रोज वाळतील. त्यांना नोकरी सोडायला नको."

काकींनी मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाल्या, "नक्की मां रे?"

"नक्की."

"मगे आता पाणी पिऊक हरकत नाय मां?"

मला काही कळलं नाही. मागे वहिनी उभ्या होत्या, त्यांनाही कळलं नाही. "पाणी?" त्या म्हणाल्या. "आई, पाणी कधी कोणी नको म्हटलं तुम्हाला?"

"कोण कित्याक म्हणात?" काकी म्हणाल्या. "तूच धुतंस, तूच रडतंस, आणि ह्यो मेस्त्री म्हणता तुझे हात वायट. पाणी कमी पियाला तर चादर कमी भिजता, असा माझा गणित. म्हणान घोटभरच पितंय."

त्या माझं वाक्य ऐकल्या दिवसापासून तसं करत होत्या. तीन आठवडे. उशाशी भरून ठेवलेला तांब्या संध्याकाळी शेजारच्या बाईंकडून मोरीत ओतवून घेत, म्हणजे सुनेला वाटावं की प्यायल्या.

मला रडू आलं. लपवून काय करायचं आता. मी खिशातला रुमाल काढायला गेलो, तर त्यात माझा टेस्टर निघाला.

वहिनी धावत स्वयंपाकघरात गेल्या आणि तांब्या-पेला घेऊन आल्या. राण्यांनी आईच्या मानेखाली हात घालून तिला उचललं. त्यांच्या तोंडावरचा साबण तिच्या पातळाला लागला. काकी पहिला पेला गटागटा प्यायल्या, दुसराही तसाच. वहिनी घाबरल्या, म्हणाल्या, "आई, जरा सावकाश, पुरे आता."

काकींनी रिकामा पेला पुन्हा पुढे केला.

"भर गो," त्या म्हणाल्या. "मशीन बरा झाला मां."